पावती कुणाच्या नावाने?

कोल्हापुरात वर्गणीला कधी तोटा पडलेला नाही. गणपती, नवरात्र, शिवजयंती, तालमीची डागडुजी, गल्लीतल्या देवळाचा जीर्णोद्धार – पावतीपुस्तक घेऊन कुणी ना कुणी वर्षभर दारात उभं असतं आणि आपण देतो. कधी मनापासून, कधी गल्लीत वाकडेपणा नको म्हणून. पण विज्ञान संशोधन करणाऱ्या एखाद्या संस्थेसाठी असं कुणी दारात आल्याचं आपल्यापैकी किती जणींना आठवतंय? समजा आलंच, तर दार उघडणाऱ्या बाईला पहिला प्रश्न ठरलेला : "साहेब आहेत का घरात?" देणगी ही साहेबांनी द्यायची गोष्ट. त्यातून विज्ञानासाठी म्हटलं तर मोठ्या साहेबांनी, कारखानदारांनी, ट्रस्टवाल्यांनी. बाईने फार तर चहा टाकायचा.

यावर कुणी म्हणेल, संशोधन हे सरकारचं काम, त्यात वर्गणीचा काय संबंध? सरकार किती खर्च करतं ते आधी पाहू. २०२०-२१ साली आपल्या देशात संशोधनावर झालेला सगळा खर्च, म्हणजे सरकारी आणि खासगी मिळून, एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. शंभर रुपयांत पासष्ट पैसेसुद्धा नाहीत. आणि आता सरकारच झोळी घेऊन निघालं आहे. २०२३ साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याची घोषणा झाली आणि त्यातले ३६,००० कोटी उद्योग, देणगीदार अशा सरकारबाहेरच्या मार्गांनी यावेत असा हिशोब मांडला गेला. तेव्हा विज्ञानाला पैसा कोण देणार हा प्रश्न यापुढे वाढतच जाणार आहे. त्याला चिकटून दुसरा प्रश्न येतो, जो कुणी विचारत नाही : पैसा देणारा काय ठरवणार? कुणाला प्रयोगशाळेत घ्यायचं, कुठला विषय महत्त्वाचा, कुणाच्या दुखण्यावर संशोधन करायचं, हे देणगीच्या कागदावर ठरत आलं आहे. म्हणून हा विषय बायकांचा आहे.

आपल्या जिल्ह्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ऊस लावणाऱ्या घराघरातून एका संशोधन संस्थेला पैसा जातो आहे. पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने सुरू झाली, ती सहकारी साखर कारखान्यांच्या आणि त्यांच्या ऊस उत्पादक सभासदांच्या जिवावर. कारखाने गाळलेल्या उसाच्या टनामागे ठरलेली रक्कम तिला देतात. उसाच्या नव्या जाती, बेणं, माती परीक्षण, साखर उतारा यावर तिथे काम होतं आणि त्याचा शेतकऱ्याला उपयोगही होतो. शेतकऱ्यांनी आपल्या पैशाने आपली प्रयोगशाळा उभी केली याचा मला अभिमान वाटतो. पण शेतकरी म्हणजे कोण? लावणीला कांड्या टाकते बाई, भांगलण करते बाई, पाला काढते बाई. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, म्हणून सभासद तो, बिल त्याच्या खात्यावर, वार्षिक सभेत हात वर करणार तो. टनामागच्या त्या रकमेत बाईचे कष्ट आहेत, पण ती देणगीदार नाही. १९८९ पासून शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, बायकोच्या नावावर जमीन करून द्या म्हणून. गावोगावी काही जणांनी ती केलीही. बाकीचे सातबारे आहेत तसेच आहेत.

आणि मग पाहा, संशोधन कशावर होतं. उसाच्या मुळापासून शेंड्यापर्यंत सगळ्याचा अभ्यास झाला. तो ऊस तोडायला बीडकडून दरसाल आपल्या भागात येणाऱ्या बाईच्या शरीराचा कुणी केला? बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं सर्रास काढली जात आहेत, हे २०१९ साली बाहेर आलं. सरकारने समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार, पाचटाच्या कोपीत पाणी नाही, संडास नाही, दुखणं अंगावर काढायचं, आणि शेवटी डॉक्टर सांगणार पिशवी काढून टाका. हा प्रश्न उजेडात आणायला पत्रकार आणि बायकांच्या संघटना लागल्या. उसावर इतकी वर्षं इतका पैसा खर्च होत असताना तो कुठल्याही प्रयोगशाळेच्या यादीत नव्हता. यात कुणा एका शास्त्रज्ञाचा दुष्टपणा शोधू नये. ज्याची वर्गणी त्याचा प्रश्न, एवढंच त्यात आहे.

बायका देत नाहीत का? देतात. त्यांच्या देण्याला नाव मात्र वेगळं मिळतं. आपल्या कुंभोजचे भाऊराव पाटील. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पोरांना खायला धान्य नव्हतं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे महाराष्ट्रात शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. रयत शिक्षण संस्थेने त्यांची आठवण ठेवली, हेही खरं. पण आपण ती गोष्ट सांगतो कशी? 'त्याग' म्हणून. शेठजीने दिलं की ती देणगी, त्याचं नाव संगमरवरावर. बाईने अंगावरचं सोनं उतरून दिलं की तो त्याग, डोळ्याला पदर लावून ऐकायचा. स्त्रीधन हे बाईचं स्वतःचं धन आहे. स्वतःच्या धनातून संस्थेला जे दिलं जातं त्याला हिशोबाच्या वहीत एकच शब्द आहे, देणगी. देणगीदाराला प्रश्न विचारता येतात, त्यागमूर्तीला येत नाहीत. शब्दातला हा फरक मला फार महाग वाटतो.

बंगलोरच्या टाटांच्या संस्थेची, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेची गोष्ट यासाठी पुन्हा वाचण्यासारखी आहे. जमशेटजींनी मुंबईतली आपली मालमत्ता तिच्यासाठी देऊ केली. मैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली. ही जमीन देण्याचं मैसूर दरबाराने मान्य केलं तेव्हा राजा लहान होता आणि त्याची आई, महाराणी केम्पनंजम्मणी, राज्यकारभार पाहत होती. संस्था १९०९ साली उभी राहिली. पुढे १९३३ साली आपल्या मुंबईची कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांची बहीण, बी. एस्सी.ला पहिली येऊन तिथे अर्ज करते आणि संचालक सर सी. व्ही. रामन तिला नाकारतात. कारण? ती मुलगी आहे. कमलाबाई घरी परतल्या नाहीत. त्या रामन यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हलल्या नाहीत. शेवटी मिळाला, पण अटींवर : पहिलं वर्ष चाचणीचं, काम पसंत पडलं तरच ते धरलं जाणार, आणि त्यांच्या असण्याने पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. म्हणजे लक्ष विचलित व्हायचं त्यांचं आणि जबाबदारी कमलाबाईंची! वर्षभराने रामन यांना त्यांचं काम मानावं लागलं आणि मुलींना दार उघडलं.

यात मला टोचतं ते असं. हेच रामन ज्या प्रयोगशाळेत काम करून नोबेलपर्यंत पोचले, ती कलकत्त्याची इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी वर्षानुवर्षं लोकांकडे हात पसरून १८७६ साली उभी केलेली संस्था. लोकवर्गणीच्या जागेतून मोठा झालेला माणूस एका दानशूर पारशाच्या पैशावर आणि एका विधवा राणीच्या कारकिर्दीत मान्य झालेल्या जमिनीवर बसून सांगतो की इथे बाई नको. ज्यांनी दिलं त्यांनी कागदावर 'बायकांनाही' एवढा एक शब्द लिहून घेतला असता, तर त्या मुलीला कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नसतं. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली डॉक्टरेट घेऊन आल्या. तिथल्या त्यांच्या शिक्षणाला ज्या शिष्यवृत्त्यांनी हात दिला त्यात अमेरिकेतल्या पदवीधर स्त्रियांच्या संघटनेची प्रवास शिष्यवृत्ती होती. बायकांनी बायकांसाठी गोळा केलेला पैसा.

कागदावर तो शब्द लिहून घेणारी एक बाई होऊन गेली. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला वैद्यकीय महाविद्यालय काढायचं होतं. इस्पितळ बांधून झालं, पण विद्यापीठाचा पैसा रेल्वेच्या शेअर्समध्ये अडकला आणि महाविद्यालय रखडलं. विश्वस्तांच्याच चार अविवाहित लेकी पुढे झाल्या. मेरी गॅरेट त्यांच्यातली एक, रेल्वेमालकाची मुलगी. त्यांनी शहरोशहरी बायकांच्या समित्या काढल्या, १८९० साली एक लाख डॉलर जमवले आणि सांगितलं, घ्या, पण मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश द्यायचा असेल तरच. विश्वस्त म्हणाले, पाच लाख लागतील. त्यांची कल्पना अशी असावी की बायका थकतील. १८९२च्या अखेरीस गॅरेटबाईंनी उरलेले तीन लाखांवर डॉलर एकटीने दिले आणि अट आणखी कडक केली : प्रवेशाला आधी पदवी हवी, मुलगा असो की मुलगी. १८९३ साली पहिली तुकडी बसली तिच्यात १८ विद्यार्थी होते, त्यातल्या ३ मुली. अमेरिकेतलं वैद्यकीय शिक्षण सुधारलं ते या महाविद्यालयाच्या नमुन्यावर. बाईच्या अटीने विज्ञानाचा दर्जा घसरला नाही, चढला.

दुसरी गोष्ट मादाम क्युरींची. रेडियम शोधलं त्यांनी, पेटंट घेतलं नाही, आणि पहिल्या महायुद्धानंतर स्वतःच्या प्रयोगांना पुरेसं रेडियम विकत घ्यायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. एका ग्रॅमची किंमत लाखभर डॉलर. मेरी मेलोनी या अमेरिकन संपादक बाईंनी मनावर घेतलं. आधी त्यांना वाटलं, दहा श्रीमंत बायकांकडून दहा-दहा हजार घेऊ. दहा काही मिळाल्या नाहीत. मग त्यांनी देशभरच्या साध्या बायकांना हाक दिली आणि लहान लहान रकमांतून लाख डॉलर उभे राहिले. १९२१च्या मे महिन्यात अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते ते रेडियम द्यायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी क्युरींनी बक्षीसपत्र वाचलं आणि त्या अडून बसल्या : हे माझ्या नावावर नको, माझ्या मागे ते माझ्या मुलींची खासगी मालमत्ता ठरेल, ते प्रयोगशाळेच्या नावावर करा. लोक म्हणाले, उद्या-परवा बघू. त्या म्हणाल्या, आजच. रात्री वकील शोधून आणावा लागला. मला त्यांच्या दोन नोबेलांइतकीच ही रात्र मोठी वाटते. घेणारीनेही कागद वाचायचा असतो.

आता एक आक्षेप हमखास येईल, आणि तो आपल्या मैत्रिणींकडूनच येईल : देणगीला अट कसली? दान निरपेक्ष असावं. विज्ञानावर अटी लादू नयेत. पहिल्या भागाला उत्तर आपल्या गावातच आहे. कोल्हापूर हे बोर्डिंगांचं गाव. १९०१ सालच्या मराठा आणि जैन बोर्डिंगापासून लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या मुलांचं मिस क्लार्क बोर्डिंग अशी रांगच शाहू महाराजांच्या आधाराने उभी राहिली. या प्रत्येकाच्या देणगीत 'कुणासाठी' हे लिहिलेलं होतं. ज्यांना दार बंद होतं त्यांच्यासाठी दार, ही अटच होती आणि तिने या जिल्ह्याचं रूप बदललं. तेव्हा अट म्हटल्यावर कोल्हापूरकराने दचकू नये.

दुसऱ्या भागात मात्र तथ्य आहे. पैसेवाल्याची अट किती घातक असते याचं उदाहरण तंबाखूचं. १९५४ साली अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी स्वतःच्या पैशाने संशोधन समिती काढली. नाव संशोधनाचं आणि काम धूम्रपानाने कर्करोग होतो या निष्कर्षाबद्दल शंका पेरत राहायचं. (इथून तासाभरावर निपाणी आहे. तिथल्या वखारींत तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढलेल्या बायकांच्या छातीत काय साठलं, यासाठी कुठल्या कंपनीने समिती काढल्याचं ऐकिवात नाही.) तेव्हा फरक करायला हवा. निष्कर्ष काय निघावा यावर देणगीदाराने अट घालू नये, ती लाच झाली. दार कुणाला उघडं असावं आणि कुठला प्रश्न टेबलावर यावा, यावर जरूर घालावी.

बायकांनी स्वतःच विज्ञान संस्था काढली तर पैसा कुठे घालतात? याचंही उत्तर आपल्याकडे आहे. १९७३ साली मुंबईतल्या काही शास्त्रज्ञ स्त्रियांनी इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन सुरू केली. वाशीला तिचं मुख्यालय आहे, देशभर शाखा आहेत आणि त्यांत कोल्हापूरचं नाव आहे. वाशीच्या त्या वास्तूत काय दिसतं? नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह. पाळणाघर. ग्रंथालय. कुणी म्हणेल, यात विज्ञान कुठे आलं? ज्यांनी आयुष्य प्रयोगशाळेत काढलं त्यांना पक्कं ठाऊक होतं की प्रयोग मध्येच सुटतो तो मूल आजारी पडल्यावर, आणि संशोधन सुटतं ते मुलीला शहरात राहायला जागा न मिळाल्यावर. सूक्ष्मदर्शकाच्या देणगीला फोटो छापून येतो, पाळणाघराच्या देणगीला येत नाही. २०१८ सालच्या सरकारी आकड्यांप्रमाणे प्रत्यक्ष संशोधनात गुंतलेल्यांत बायका १६.६ टक्के होत्या. विज्ञान शाखेच्या वर्गांत मुली किती बसतात ते कुठल्याही कॉलेजात जाऊन पाहा आणि मधल्या मध्ये त्या कुठे गळाल्या ते विचारा. त्या पाळणाघराच्या दारात गळाल्या. सरकारलासुद्धा २००२-०३ साली, घरासाठी संशोधन सोडाव्या लागलेल्या बायकांसाठी वेगळी योजना काढावी लागली ती यामुळेच.

पैसे मागण्याची सध्याची पद्धत आपल्याला धरूनच नाही. देणगीचं आवाहन आलं की त्यात मोठ्या अक्षरात आयकराची सवलत असते. एके काळी मान्यताप्राप्त संशोधन संस्थेला शंभर रुपये दिले की उत्पन्नातून पावणेदोनशेची वजावट मिळे. २०१७ पासून ती दीडशेवर आली, २०२० पासून शंभरावर. पण जिच्या नावावर करपात्र उत्पन्नच नाही तिला या सवलतीचं काय? म्हणजे आवाहन लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर बाई नसतेच. मोठ्या कंपन्यांना २०१३च्या कायद्याने नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, तिथेही निर्णयाच्या खुर्चीत बाई अपवादानेच.

मी बचत गटातल्या बाईकडे विज्ञानासाठी पैसे मागत नाही. पोरीच्या फीसाठी कर्ज काढणारीला असं सांगणं हा उद्धटपणा होईल. मी बोलते आहे ते आपल्याशी, म्हणजे शिक्षिका, प्राध्यापिका, बँकेतल्या, डॉक्टर, वकील, निवृत्त होऊन पेन्शन घेणाऱ्या बायकांशी. आपण संक्रांतीला प्लास्टिकचे डबे लुटतो, लग्नात आहेराची पाकिटं देतो, सासऱ्यांच्या नावाने शाळेत बक्षीस ठेवतो. (आईच्या नावाने ठेवणाऱ्या किती?) यातला काही भाग संशोधनाकडे वळवता येईल. एकटीने हजार दिले तर आभाराचं छापील पत्र येईल. पन्नास जणींनी मिळून दिले आणि एकच सहीचं पत्र सोबत जोडलं, तर कार्यकारी मंडळाला ते सभेत वाचावं लागेल.

त्या पत्रात काय विचारायचं? कार्यकारी मंडळावर बायका किती आणि त्या सह्यांपुरत्या की निर्णयाला. शिष्यवृत्तीला वयाची अट असेल तर बाळंतपणाची वर्षं त्यातून वजा होतात का. २०१३च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समिती आहे का आणि तिची नावं भिंतीवर लावली आहेत का. पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तर कायद्याप्रमाणे पाळणाघर आहे का. काचेची भांडी धुणारी, फरशी पुसणारी बाई किती वर्षं कंत्राटावर आहे, हेही विचारायचं. ॲसिडचे डाग तिच्याही हातावर पडतात. आणि गेल्या पाच वर्षांतल्या संशोधनाच्या विषयांची यादी मागायची. संस्था नोंदणीकृत न्यास असेल तर तिचे हिशोब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात, कोल्हापुरातही ते कार्यालय आहे. हिशोब मागताना संकोच करायचं कारण नाही. दुधाच्या रतीबाचा हिशोब आपण पै न् पै ठेवतो.

एक गोष्ट राहिली. नुसती देणगी देण्यापेक्षा, जिथे घटनेत सोय असेल तिथे आजीव सभासद व्हावं. देणगीदाराला आभार मिळतात, सभासदाला मत. फॉर्म भरताना 'सौ.' आणि नवऱ्याचं नाव घालून दुसऱ्याच कुणाच्या खात्यावरचा चेक जोडू नका. स्वतःच्या खात्याचा चेक, स्वतःचं पूर्ण नाव, आणि वार्षिक सभेची नोटीस येण्यासाठी स्वतःचा पत्ता. नोटीस आली की सभेला जायचं. बहुतेक संस्थांच्या वार्षिक सभा कोरम भरत नाही म्हणून अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी पुन्हा भरतात, आणि दहा-पंधरा माणसांत पुढच्या वर्षाचा सगळा खर्च मंजूर होतो.